वाकडीच्या वळशावरची धाव

"काय पण हूं दे, आज मुळापातुर जायचंच!" नजीरानं परकर खोचला.

"मग चल की! हितं उभं ऱ्हाऊन नदी बोलणार हाय व्हय?" कृष्णात म्हणाला.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. आदल्या दिवशी नजीराची रेडी वाकडी नदीवर पाणी प्यायली आणि गोठ्यात येऊन तडफडून मेली. आई गेलेलं ते म्हशीचं रेडकू नजीरानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. "पान लागलं असंल गं," अम्मा म्हणाली. साप चावल्याचं ती असंच सांगायची, सापाचं नाव न घेता. पण नजीरानं नदीत पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे पाहिले होते!

दोघं काठाकाठानं वर निघाली. वाकडी नावासारखीच होती. गावाकडं येताना अख्ख्या डोंगराला वळसा घालायची. वाटेत तिला एक ओढा मिळत होता. तिथं कृष्णात ओरडला, "नजे, बघ! ओढ्यातलं मासं जित्तं हायेत!"

"आन् नदीतलं मेल्यालं! म्हंजे पाण्यातलं इख नदीच्या वरल्या अंगानं येतंय!"

डोंगरामागच्या डोहाशी त्यांना बैलगाडी दिसली. दोघं करंजाच्या झाडाआड दबली. एक माणूस फवारणीच्या औषधाचा डबा डोहात रिकामा करत होता. शेजारी आदल्या दिवशीचा रिकामा डबा पडला होता. थोड्याच वेळात मासे उलटे होऊन वर आले. तो ते पाट्यांत भरू लागला. त्यानं मान वळवली आणि नजीरानं त्याला ओळखलं.

गुंडूमामा! पाठीला भोपळा बांधून तिला याच नदीत पोहायला शिकवणारा शेजारचा गुंडूमामा!

"नजे, आज बाजार हाय," कृष्णात कुजबुजला. "लोकं खातील ते!"

नजीरानं डोळे पुसले. "गाडीवाट नदीसंगं वळसा घालून जाती. आपण खिंडीतनं! पळ!"

काटे, दगड, ठेचा! धापा टाकत दोघं बाजारात पोचली, तेव्हा गाडी अजून यायची होती. सरपंच हंबीरराव सगळं ऐकून हसले. "गुंडू? सोन्यासारखा माणूस त्यो!"

इतक्यात गाडी आलीच.

"जाळ्यानं धरल्यात की!" गुंडूमामा म्हणाला. "पोरांचं काय ऐकताय, सरपंच?"

नजीरा चाकावर चढली. गाडीतल्या जाळ्यावर तिनं हात फिरवला.

"मामा, जाळं कोरडं ठाक हाय. धूळ बसलीया त्येच्यावर."

सगळे जाळं बघायला पुढं सरकले. गुंडूमामाची मान खाली गेली.

"वरच्या डोहातलं खालपातुर कुठं येतंय, वाटलं मला..."

"नदी हाय ती, मामा! येणारच की! माझी रेडी मेली!"

हंबीररावांनी लगेच दवंडी पिटवली, नदीवर कुणी जनावर नेऊ नये म्हणून. गुंडूमामालाच खड्डा खणायला लावून सगळे मासे पुरले. "शाबास पोरांनो! आज कितीक घरं वाचली तुमच्यामुळं!" ते म्हणाले. लोकांनी कृष्णातला खांद्यावर घेतलं.

नजीरा मात्र खड्ड्याशी उभी होती.

"नजे, रागावलीस व्हय गं?" गुंडूमामानं विचारलं.

'हो' म्हणावं, तरी जीव तुटत होता. 'नाही' म्हणावं, तरी तुटत होता. ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. तिचे डोळे पुसायला गुंडूमामानं हात पुढं केला. हाताला औषधाचा उग्र वास येत होता. त्यानं तो तसाच मागं घेतला.