सनदच्या न कापलेल्या शेतातले तितर

विश्वास ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मार्सेलिना माझी थोरली जाऊ. हे सगळं तिनं मला हातात जपमाळ धरून सांगितलं, आणि जपमाळ हातात असताना ती खोटं बोलत नाही.

१९७८ सालचा डिसेंबर. जागा... बहारीनमधलं सनद गाव.

मार्सेलिना आणि बेनेडिक्ट, माझे दीर, तेव्हा तिथल्या शहरात, गुदैबिया भागात राहायचे. बेनेडिक्ट एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये होते. ताहिर तिथलाच ड्रायव्हर, सनदचा बहारीनी माणूस, मुंबईची हिंदी फाडफाड बोलायचा. त्याच्याकडे दोन सलुकी होते, लांब तंगड्यांचे शिकारी कुत्रे. आणि मार्सेलिनाचा होता बिस्कुट.

बिस्कुट रस्त्यावर सापडलेला, अर्धा सलुकी, अर्धा देव जाणे. तिनं त्याला बोटानं दूध चाटवून जगवला. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तो काय होता ते वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी सुट्टी. ताहिरची पिकअप, छर्‍याची बंदूक, तीन कुत्रे... आणि सनदच्या खजुरांच्या बागांमागे तितरांची शिकार.

तिथे एक शेत होतं. जत लावलेलं. जत म्हणजे लसूणघास, गुरांचा चारा. तो महिन्या-महिन्यानं कापतात. हे शेत मात्र कुणी कापतच नव्हतं. कमरेइतकं वाढलेलं, वर जांभळी फुलं.

"कोई नहीं काटता," ताहिर म्हणाला होता. "मेरा बाप भी नहीं काटता था. हम बाहर-बाहर से मारेंगे."

त्याचे कुत्रे त्या शेतात शिरायचे नाहीत.

बिस्कुट शिरला.

थोड्या वेळानं तोंडात तितर घेऊन बाहेर आला, पुन्हा शिरला, पुन्हा एक आणला. बेनेडिक्ट खूश! घरी येऊन पिशवी मोरीत उपडी केली.

मार्सेलिना पक्षी साफ करायला बसली. वसईच्या वाडीत वाढलेली बाई, पक्षी हाताखालून किती गेले असतील.

छर्‍याचं भोक नव्हतं.

दाताची खूण नव्हती.

आणि दोन्ही पाय... घासाच्या ताज्या काडीनं बांधलेले. नीट. गाठ मारून.

"अहो, हे कुणी बांधलं?"

"ताहिरनं बांधलं असेल."

"ताहिरनं त्यातला एक तरी घरी नेला का?"

"तो नको म्हणाला. तू शिजव गं, वकिली नको करू!"

तिनं शिजवलं. बेनेडिक्टनी बोटं चाटली, बिस्कुटनं हाडं फोडली. तिनं मात्र तोंडाला लावलं नाही. शुक्रवारी मांस खायचं नाही, हे तिचं आईच्या मरणापासूनचं व्रत. आणि त्या देशात सुट्टी नेमकी शुक्रवारी. चार माणसं मटण झोडायची, ही डाळभात घेऊन कोपर्‍यात. बेनेडिक्ट चिडवायचे, "देवानं तुला बहारीनला पाठवली ती परीक्षा घ्यायला!"

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसेच पक्षी.

त्याच्या पुढच्याही.

आणि मग एका शुक्रवारी दुपार कलताना पिकअप दारात आली. बेनेडिक्ट उतरले. हातात रिकामा पट्टा.

"बिस्कुट कुठाय?"

"येईल गं... आत गेलाय. हाका मारल्या. आपलाच आवाज परत यायचा. ताहिर म्हणाला, चल."

मार्सेलिना कधी मोठ्यानं बोलत नाही. तेव्हाही नाही बोलली. चपला घातल्या, डोक्यावरून ओढणी घेतली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

"भाभी, कल सुबह..." ताहिर म्हणाला.

"यल्ला, ताहिर." म्हणजे चल, आत्ताच.

पोचले तेव्हा सूर्य खजुरांना टेकला होता.

किडा वाजत नव्हता. पाखरू नव्हतं. ताहिरचे कुत्रे गाडीतून उतरेनात, फळीखाली तोंड घालून थरथरत बसले.

"बिस्कुट! ये रे बाळा!"

काही नाही.

मग शेताच्या मधून एकदाच भुंकणं आलं. आनंदाचं. ताटली समोर ठेवल्यावर तो भुंकायचा, तसं.

आणि त्यामागून... शीळ.

बिस्कुटला बोलवायची बेनेडिक्टची शीळ. एक लांब, एक आखूड.

तिनं बाजूला पाहिलं. बेनेडिक्टचे ओठ घट्ट मिटलेले होते. घाम कानशिलावरून ओघळत होता.

"मार्सेलिना, चल घरी. कुत्राच आहे गं तो."

"तुम्ही इथेच थांबा. आत पाऊल टाकायचं नाही. तुम्ही खाल्लंय."

आपण हे का बोललो, ते तिला तेव्हा कळलं नाही. बोलून झाल्यावर कळलं.

ती आत शिरली.

घास ओला होता. वारा नव्हता, तरी तिच्या दोन्ही बाजूंनी हलत होता... ती चालली की हलायचा. ती थांबली की एक पाऊलभर उशिरानं थांबायचा.

मधे थोडी मोकळी जागा होती. तिथे बिस्कुट बसला होता. डोळे तिच्याकडे नव्हते. तिच्या खांद्याशेजारी कुणी उभं असावं, तसा वर पाहत होता.

पुढचे दोन्ही पाय बांधलेले. तीच गाठ.

तिनं गाठ सोडली. दुसरी होती. ती सोडली. खाली तिसरी... नखं मोडली. शेवटी ती दातांनी तोडायला वाकली. घास ओठांना लागणार, एवढ्यात थबकली.

इथलं काही तोंडात घ्यायचं नाही.

ती सरळ उभी राहिली. आणि बोलली.

"हे बघ. मी तुझं काही खाल्लेलं नाही. एक घास नाही. माझ्यावर तुझा हक्क नाही. यानं खाल्लं, ते मुकं जनावर आहे. त्याला वाढलं मी. रागवायचं तर माझ्यावर रागव. पण तुझ्याआधी हा माझ्या बोटाचं दूध प्यालाय. मी याला घेऊन जाणार. तू कोण असशील तो अस!"

मग कानाजवळ कुणी श्वास सोडावा, तसं झालं... आणि गाठ ढिली पडली.

तिनं बिस्कुटला उचललं. एवढा थोराड कुत्रा, दोन्ही हातांवर. चालू लागली. मागे पावलं. ती थांबली, पावलं थांबली.

अशा वेळी मागे पाहू नये म्हणतात.

मार्सेलिना वळली.

काय दिसलं, ते तिनं मला सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. एवढंच म्हणाली, "बघून घेतलं मी त्याला. त्यालाही कळू दे, की मी बघितलंय."

बाहेर आली तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताची बांग सुरू झाली होती. ताहिरनं गाडी चालू केली. बेनेडिक्ट दार उघडून बसणार...

"बेनेडिक्ट."

शेतातून. साध्या आवाजात. ओळखीच्या माणसानं चहाला बोलवावं, तसा.

बेनेडिक्टनी पाय खाली ठेवला. चेहरा एकदम निवांत झालेला. शेताकडे निघाले.

मार्सेलिनानं त्यांची कॉलर धरली, कुत्र्याचा पट्टा धरावा तशी. आणि जन्मात पहिल्यांदा ओरडली.

"हाही माझाच आहे!"

गाडी सुटली. ताहिर वाटभर पुटपुटत प्रार्थना म्हणत होता. मार्सेलिनाही. दोघांच्या प्रार्थना वेगळ्या. थांबलं कुणीच नाही.

बिस्कुट पुढे बरीच वर्षं जगला. ती मंडळी वसईला परतली. मी एकदा तिला विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली ना! अजून वाटते. म्हणून काय घरातलं माणूस देऊन टाकायचं?"

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. जेवता जेवता बेनेडिक्टचा हात थांबला. मान दाराकडे वळली, कुणी हाक मारल्यासारखी. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मार्सेलिनानं डाळ वाढता वाढता, दाराकडे न बघता, शांतपणे सांगितलं, "घरी नाहीत ते."

अंगणात फाटकाची कडी वाजली.

जाताना वाजली की येताना... ते बघायला मी उठले नाही.