टी-बॅग, वाळू आणि कैरो

समर्थला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका टी-बॅगचं शवविच्छेदन करत होता.

फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये कचऱ्याचे चार डबे होते. त्यांच्यासमोर हा उभा. पिशवी हातात, दोरा दातात. चोथा ओल्या कचऱ्यात, कागद कागदात… आणि पिन?

"आई गं!" पिन बोटात गेली.

"रक्त ओल्या कचऱ्यात टाका," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. चष्म्यावर वाफ होती. "मराठी! आणि इतकं निर्दयी… पुण्याच्या?"

"नाशिकची. पुण्यात शिकले."

"आल्झो… म्हणजे थोडक्यात, संसर्ग."

बाहेर जर्मन पाऊस सुरू झाला. वेळेवर.

दुसऱ्या चहाला मला कळलं, की हा एका विमा कंपनीचं काम करणाऱ्या पुण्याच्या टीमचा इथला माणूस. तिसऱ्या चहाला त्याला कळलं, की ते काम पुण्याहून काढून कैरोला द्यावं का, हे सांगणारी सल्लागार मीच. काम गेलं, की त्याचा इथला मुक्कामही संपणार होता.

"कैरोत असं आहे काय?"

"जर्मन बोलणारी पोरं. फ्रँकफर्टहून चार तासांचं विमान. घड्याळात तासाभराचाच फरक. आणि रविवारी सर्व्हर पडला, तर तिथे लोक कामावर असतात."

"शिवाय नाईल."

"शिवाय नाईल."

"आमच्याकडे मुठा आहे."

"मी पाहिलीय."

तो जरा खचला. "पण डेडलाइन? पिरॅमिडचा क्लायंट मेल्यावर डिलिव्हरी घ्यायचा."

"तरी एकाचीही तक्रार नाही. हे रिपोर्टमध्ये घालते."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. कैरोच्या विरोधातला तो पहिला सबळ मुद्दा होता.

संध्याकाळी मी रिपोर्टमध्ये कैरोच्या धोक्यांच्या यादीत एक शब्द वाढवला — वाळू. दुसऱ्या दिवशी त्याला सांगूनही टाकलं.

"काढा ती," तो म्हणाला.

"पण मग तुम्ही जाल…"

"जाईन. पण माझ्यासाठी खोटं लिहिलंत, तर पुढे तुमच्या कुठल्याच उत्तराची खात्री वाटायची नाही. आणि मला तुम्हाला एक गोष्ट विचारायचीय."

"कोणती?"

तो एकाग्रतेने पिन काढत राहिला.

वाळू निघाली. कैरो जिंकलं.

इथे जाणाऱ्यानेच सगळ्यांना केक खाऊ घालायचा असतो. समर्थने शिरा आणला. पिरॅमिडच्या आकाराचा, टोकावर बेदाणा. जर्मन सहकारी सुरी घेऊन भोवती फिरत राहिले. उत्खनन कुठून सुरू करावं, कळेना.

मी शेजारी केक ठेवला.

"हा कुणाचा?" समर्थने विचारलं.

"माझा. मीपण जातेय. कैरोला, वर्षभर… काम तिकडे हलवायला."

"अभिनंदन," असं त्याने शिऱ्याला सांगितलं.

"सोबत जुनी सिस्टिम कळणारा माणूस लागेल, हेही मी मीटिंगमध्ये सांगितलंय. ती इतकी भयानक लिहिलीय, की लिहिणाऱ्याशिवाय कुणालाच कळत नाही."

"ती मी लिहिलीय."

"गेनाऊ. अगदी बरोबर. क्लायंट हो म्हणालाय. तुम्ही नाही म्हणू शकता."

चष्म्यावर पुन्हा वाफ. या वेळी चहा नव्हता.

"म्हणजे हे… निव्वळ कामासाठी?"

"सिस्टिम भयानक आहे, हे शंभर टक्के खरं. बाकी… तुम्ही काहीतरी विचारणार होतात ना?"

"कैरोत कचऱ्याचे डबे किती असतात?"

"हे विचारायचं होतं?"

"नाही. धीर गोळा करतोय." त्याने खोल श्वास घेतला. "मैत्रेयी… तू माझ्यासोबत चहा घेशील? म्हणजे… कायमचा?"

मी पिरॅमिडच्या टोकावरचा बेदाणा उचलून तोंडात टाकला.

"घेईन," मी म्हणाले. "पण पिन तू काढायचीस."