रिकामं तोट्टम

चिंडन पेरुवण्णानांनी खुर्ची पुढे ओढली, गळ्यावरचं मलमलीचं फडकं नीट केलं आणि शिम्नाला हातानं खूण केली. लाव.

शिम्नानं फाइल उघडली. आवाज आला नाही. तिनं स्पीकरची वायर हलवून पाहिली, दुसरा भाग उघडला, मग तिसरा. नावं सगळी जागच्या जागी होती आणि प्रत्येक नावापुढे आकार दिसत होता शून्य.

पेरुवण्णान वाट बघत राहिले. तलश्शेरीच्या डॉक्टरांनी त्यांचा कंठच काढून टाकला होता. काय झालं, एवढंसुद्धा त्यांना विचारता येत नव्हतं.

"टीचर, जेवत असाल तर हात धुवा आणि या," शिम्ना फोनवर रडत होती. "भगवतीचं तोट्टम गेलं."

अच्चाम्मा टीचर तारलीचं कालवण अर्ध्यावर टाकून उठल्या. जिल्ह्यातल्या शाळांच्या संगणकांवर लिनक्स ही नवी प्रणाली आली तेव्हा मास्तरांना ते शिकवण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. निवृत्त झाल्या तरी पय्यन्नूरच्या आसपास कुठला संगणक रुसला की फोन त्यांनाच यायचा. एरवी फोन करणाऱ्याला आधी चार शब्द सुनवायची त्यांची सवय. आज मात्र त्या सरळ चपला घालून निघाल्या.

कारण गेलं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. तेय्यममध्ये मुकुट घालून नाचणाऱ्याच्या अंगात देवी येते, आणि त्याआधी तिला बोलावण्याचं लांबलचक गाणं म्हणजे तोट्टम. या भगवतीचं तोट्टम एकट्या पेरुवण्णानांना येत होतं. ते कोणाला देण्याआधीच त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. मग आवाज होता तेवढ्या दिवसांत वाचनशाळेच्या मागच्या खोलीत बसून ते थोडं थोडं गायले आणि ग्रंथपाल शिम्नानं ते रेकॉर्ड केलं. या मोसमात देवीचा मुकुट पहिल्यांदाच त्यांचा भाचा रिजेश घालणार होता. तोट्टमच नसेल तर तो मुकुट घालून करणार काय?

वाचनशाळेत टीचर पोचल्या तेव्हा पवित्रन माष हातवारे करत होते. हे मास्तर म्हणजे वाचनशाळेचे सचिव, पेरुवण्णानांचे लहानपणापासूनचे मित्र आणि गावातले सगळ्यात कडक नास्तिक. गेल्या वर्षी कोणी वाचनशाळेत समई लावली, ती त्यांनी सगळ्यांदेखत फुंकून विझवली होती.

"तपास कसला करायचा? हे याचंच काम!" त्यांनी बाहेर पायरीवर बसलेल्या रिजेशकडे बोट दाखवलं. "देवी पेटीत कोंडायची नसते, असं म्हणाला होता की नाही हा?"

"म्हणालो होतो," रिजेश म्हणाला. त्याच्या कपाळावर नेहमीचं चंदन होतं. "आजही म्हणेन. पण म्हणून मामाचा आवाज पुसेन मी?"

"मग मामा गात होते तेव्हा एकदा तरी आत आलास का? या पायरीवर फुगून बसायचास!"

फाटकापाशी देवस्थान कमिटीची दोन माणसं उभी होती. मुकुट याला द्यावा की नाही, पुन्हा बघायला हवं, असं त्यांच्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, आणि हळू आवाजात सांगायची तसदीही घेत नव्हता.

टीचर आत गेल्या आणि शिम्नाला समोर बसवलं.

"रड नंतर. रेकॉर्डरमधून डिस्कवर कसं घेतलंस?"

"नेहमीसारखंच. फाइल ओढली, डिस्कवर सोडली. पट्टी पूर्ण भरली."

"मग वायर काढण्याआधी डिस्क पडद्यावरून सोडवलीस?"

"सोडवावी लागलीच नाही, टीचर. पट्टी भरली की थोड्या वेळानं डिस्कचं चित्र पडद्यावरून आपोआप जायचं. मला वाटलं सुटली."

"पहिल्यापासून आपोआप जायचं?"

शिम्ना विचारात पडली. "नाही. आधी मीच सोडवायचे. दसऱ्याच्या पूजेच्या सुट्टीनंतर, तोट्टम घ्यायला लागलो तेव्हापासून, असं व्हायला लागलं."

"सुट्टीत डिस्क कुठे होती?"

"कपाटात, कुलपात. तेव्हा गाणं बंदच होतं. पेरुवण्णान आणि रिजेश तपासण्यांसाठी तलश्शेरीला होते, पूजा संपल्यावर परतले. मी आईकडे इरिट्टीला गेले होते. किल्ली नेहमीसारखी माषांकडे दिली होती."

"आणि रेकॉर्डरचं कार्ड?"

शिम्नाचा चेहरा पडला. "पुसलं. डिस्कवर नाव दिसत होतं ना! मग वार्षिकोत्सवाचं रेकॉर्डिंग केलं त्यावर."

"काय रेकॉर्ड केलंस?"

"माषांचं भाषण."

पुसलेलं परत आणायच्या युक्त्या टीचरांकडे होत्या. कार्ड त्यांनी आपल्या लॅपटॉपला लावलं आणि इंच इंच खरवडून काढलं. कार्डाच्या कानाकोपऱ्यात माषच बोलत होते. भाषण तसंही कोणाला आवरता आलं नव्हतं. आता तर ते तोट्टमच्या छाताडावर जाऊन बसलं होतं.

मग त्या डिस्ककडे वळल्या. पूजेआधी घेतलेली दुसरी गाणी त्यांनी उघडली. अडखळत का होईना, वाजली. पेरुवण्णानांचा जुना, भरदार आवाज खोलीत घुमला आणि कोपऱ्यात बसलेल्या पेरुवण्णानांनी डोळे मिटून घेतले. टीचरांनी घाईघाईनं ते बंद केलं.

वाचता येतं, लिहिता येत नाही. त्यांनी एक मोठी फाइल डिस्कवर टाकून बघितली. पट्टी भराभर भरली, कारण लिनक्स आधी सगळं स्वतःच्या स्मरणात घेतं आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतं. ते उतरवणं चालू असतानाच डिस्कचं चित्र नाहीसं झालं. चित्र परत आलं तेव्हा फाइलचं नाव होतं आणि आकार शून्य.

लिनक्स तसं बोलघेवडं असतं. काय बिनसलं ते आतल्या आत पुटपुटत बसतं आणि कोणी विचारलं तर सगळं ओकतं. टीचरांनी विचारलं. सुट्टीच्या आधी ही डिस्क दरवेळी वेगवान म्हणून ओळख देत होती. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी तिनं मंद म्हणून ओळख दिली, आणि जरा जास्त लिहायला लागलं की ती तुटायची, पुन्हा जोडली जायची, पुन्हा तुटायची.

"वायर खराब असेल," शिम्ना आशेनं म्हणाली.

टीचरांनी वायर बदलली. तेच. संगणकाच्या मागच्या बाजूला लावून पाहिली. तेच. आपल्या लॅपटॉपला लावली. तिथेही तेच. उलट वाचनशाळेच्या वायरीवर त्यांची स्वतःची डिस्क गुमान चालली. मग त्यांनी बिघडलेल्या डिस्कची तब्येत तपासली. आतून ती ठणठणीत होती, एकही जागा खराब नव्हती.

म्हणजे संगणक निर्दोष, वायर निर्दोष, डिस्कचं पोटही निर्दोष. उरलं काय? वायर जिथे डिस्कमध्ये शिरते ती चपटी खाच.

टीचरांनी चष्मा वर सरकवला, मोबाइलचा उजेड पाडला आणि पर्समधल्या सुईनं खाचेच्या कडेला हलकेच खरवडलं. पिवळट खपली निघाली. ती त्यांनी नाकाशी नेली. वास ओळखीचा होता.

त्या ख्रिस्ती घरातल्या. लहानपणी वर्गातल्या मुलींचा त्यांना फार हेवा वाटायचा. दसऱ्याच्या आधी त्या पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून देवापुढे ठेवायच्या आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत पुस्तकांना हात लावायचा नसायचा. अभ्यासाला हक्काची सुट्टी! सुट्टीनंतर त्यांच्या पुस्तकांना असाच वास यायचा.

त्यांनी डिस्कची पिशवी उलटी करून झटकली. सुकलेली तुळशीची पानं पडली.

ती मुठीत घेऊन टीचर बाहेर आल्या. मागोमाग पेरुवण्णान आले आणि दाराशी उभे राहिले. शिम्नानं बिनदुधाच्या कट्टन चहाचे ग्लास ठेवले.

"डिस्कला चंदन लागलंय," टीचर म्हणाल्या. "सुकून कडक झालंय. त्यामुळेच तिच्यावर लिहिलं जात नव्हतं."

माष ताडकन उठले. "घ्या! चंदन! या पायरीवर चंदनवाला एकच आहे. देवीचा आवाज बंद करायला यानंच डिस्कच्या तोंडात चंदन भरलं!"

टीचरांनी चहाचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. माषांकडे बघायचं धाडस त्यांना होईना. इतका वेळ ज्या उत्तराच्या मागे त्या धावत होत्या, ते आता त्यांना नकोसं झालं होतं. गप्प राहिलं तर? गाणं काही परत येणार नव्हतं.

पण रिजेश पायरीवरून उठला होता. "मुकुट दुसऱ्या कोणाला द्या," तो कमिटीच्या माणसांना म्हणाला. "मी नाही घालत." आणि तो फाटकाकडे चालायला लागला.

"थांब रे," टीचर म्हणाल्या. "माष, चंदन तोंडात होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच तर—"

"मी म्हणाले डिस्कला लागलंय. वर, खाली, कडेला, कुठेही असू शकलं असतं. खाचेत होतं हे फक्त मी पाहिलंय, तेही सुईनं खरवडून."

टीचरांनी मूठ उघडून तुळशीची पानं माषांपुढे धरली.

"बिघाड सुट्टीत झाला. त्याआधी डिस्क धडधाकट होती, सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी लंगडायला लागली. तेव्हा रिजेश तलश्शेरीत मामांच्या उशाशी होता. शिम्ना इरिट्टीला. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. आणि नुकसान करायचं असतं तर डिस्क आपटली असती, पाण्यात टाकली असती. हिच्याबरोबर तुळस होती, माष. ही डिस्क कोणीतरी देवापुढे ठेवली होती."

कमिटीच्या माणसांनासुद्धा समई फुंकून विझवणारे माष आठवत असणार. माष हळूहळू खाली बसले.

"तलश्शेरीहून फोन आला होता," ते म्हणाले. "कंठ काढावा लागणार, असं. मी काय करणार होतो, टीचर? रक्त द्यायला गेलो तर म्हणाले, वय झालं तुमचं. नुसता घरात येरझाऱ्या घालत होतो. आमची ही, पद्मिनी, देवापुढे पुस्तकं ठेवत होती. ती उठून गेल्यावर मी इथे आलो, डिस्क नेली आणि पुस्तकांच्या मागे ठेवली. तिलासुद्धा सांगितलं नाही. विजयादशमीला सकाळी तीर्थ शिंपडलं, चंदन घेतलं. कुठे लावायचं, कळेना. दुखणं गळ्याचं. वाटलं, वायर लावतात तिथूनच तर याचा आवाज बाहेर येतो."

"आणि रिजेशचं नाव घेत होतात?" शिम्ना भडकली.

"मला खरंच वाटत होतं गं, यानंच केलं. टीचर चंदन म्हणाल्या तेव्हा सगळं कळलं. आणि तरीही याचंच नाव निघालं तोंडातून." माषांनी पंच्यात तोंड खुपसलं. "माझं मलाच ऐकवेना ते."

टीचरांना खूप रागवायचं होतं. त्यांना रडू आलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. "खाच मी स्पिरिटनं साफ करीन," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "डिस्क उद्यापासून चालेल. जुनी गाणी वाचली. पण तोट्टम डिस्कपर्यंत पोचलंच नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते मी कुठून आणू?"

पेरुवण्णान दारातून पुढे आले. सगळ्यांना वाटलं, आता ते माषांना मारणार. त्यांनी माषांच्या डोक्यावर एक टपली मारली, शाळेत मारत असतील तशी, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. गळ्यावरच्या फडक्याआडून नुसती हवा फुसफुसली. ते हसत होते की रडत होते, ते माषांनाच कळलं असेल.

मग ते पायरीवर बसले आणि रिजेशला खुणेनं समोर बसवलं. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता.

रिजेश त्यांच्या ओठांकडे बघत राहिला आणि हळू आवाजात पहिली ओळ गायला.

"तुला येतं?" टीचरांनी विचारलं.

"सगळं नाही. इथे बसून ऐकू यायचं तेवढंच."

दुसऱ्या ओळीला पेरुवण्णानांचा तळहात पायरीवर आपटला. चूक. रिजेशनं ती पुन्हा घेतली. पुन्हा आपटला. शब्द पेरुवण्णानांना लिहूनही देता आले असते. पण कुठे स्वर ओढायचा, कुठे दम घ्यायचा, ते कोण लिहिणार?

शिम्ना रेकॉर्डर घेऊन आली आणि घुटमळली. कार्ड भरलेलं होतं.

"भाषण पूस ते," पंच्यातून तोंड न काढता माष म्हणाले.

चौथ्या ओळीनंतर रिजेश थांबला. पुढचं त्याला येत नव्हतं. पेरुवण्णानांचे ओठ मात्र चालूच राहिले, देवीला हाका मारत, अगदी निःशब्द. पायरीवर बसलेल्या माणसांना एवढ्या जवळून त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. रिजेश वाकला, चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला आणि अंदाजानं एक शब्द गायला. तळहात आपटला. दुसरा गायला. पुन्हा आपटला.

त्यानं तिसरा शब्द धरला, जरा वरच्या पट्टीत, आणि घाबरून मामांच्या हाताकडे बघितलं. हात पायरीवर तसाच पडून राहिला.