हिवरदरीची हजेरी

मी वीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. भुताखेतांवर हसणारा माणूस मी. ही गोष्ट मात्र कधी हसत सांगितली नाही, कारण आजोबांनी ती बाबांना गळ्याची शपथ घेऊन सांगितली होती.

साल १९३४. वैशाखातली भर दुपार. जागा, मानोऱ्याच्या पुढची हिवरदरी.

हिवराच्या झाडांची दरी म्हणून हिवरदरी. तिथले म्हणून आम्ही हिवरदरे. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी पटकीच्या साथीत गाव ओस पडलं. आमच्या घरची एक सून तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी गेली होती, तेवढी दोघं वाचली.

त्या लेकराचा मुलगा म्हणजे माझे आजोबा, पुंजाजी. जन्म दुसऱ्याच्या वावरात राबण्यात गेला. गावची सहा एकर आपल्या नावावर चढावी, एवढीच त्यांची आस.

पटवारी भगवंतराव म्हणाले, "जुनी यादी वाचतो. जो मेला त्याले मयत म्हना. मंग वारस म्हनून तुमचं नाव लिवतो."

ओसाड गावठाणात दोघंच. बाजूला बैलगाडी.

"उकंडराव हिवरदरे."

"मयत."

झाडावर होला घुमत होता... तो थांबला.

"सोजरबाई हिवरदरे."

"मयत."

बैल दोन पावलं मागं सरले...

"तुळसाबाई हिवरदरे."

"मयत." पडक्या भिंतींमागं माणसं दाटीनं उभी आहेत, असं आजोबांना वाटू लागलं. "लवकर आटपा, साहेब."

"पुंजाजी हिवरदरे."

आजोबा दचकले.

हे त्यांच्या आजोबांचं नाव. आज्याचं नाव नातवाला, ही आमच्याकडची रीत. पण हाक आपल्यालाच आली असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि...

"मयत."

बाया, माणसं, लेकरं. सगळ्यांचा एकच आवाज.

पटवाऱ्यानं लिहूनही टाकलं.

"मी बोललोच नाई, साहेब."

"मंग कोन बोललं?"

आजोबांनी जमिनीचा नाद सोडला. आडनावही सोडलं, काळे लावलं. मरेपर्यंत पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाही.

ते गेल्यावर मी जन्मलो. रीतीप्रमाणं माझंही नाव पुंजाजी.

परवा मोजणीची नोटीस आली. हिवरदरीच्या गावठाणात समक्ष हजर राहा म्हणून. तहसिलीत विचारलं, तर म्हणाले, आम्ही काढलीच नाही.

नाव, पत्ता बरोबर आहे. आडनाव मात्र हिवरदरे.

तारीख उद्याची आहे.