कॅरिअरवरचा आळा

लाइट गेली तशी गच्चीवरची पोरं शेकोटीकडं सरकली. वेळा अमावस्येचं जेवण नुकतंच झालं होतं. पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, वर लसणाची आंबील. नोएडाच्या सेक्टरांमध्ये अडकून पडलेल्या त्या गावात धुकं इतकं उतरलं होतं, की समोरच्या घराची पाण्याची टाकीसुद्धा दिसेना.

खंडेराव काकांनी कानटोपी खाली ओढली. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या किचनमध्ये त्यांचा जन्म गेला होता. आता रिटायर होऊन ते याच घरात खाली राहायचे. वरच्या खोल्यांत सुजय आणि अपूर्वा, दोघं लातूरकडची, परीक्षेची तयारी करायला आलेली.

"काका, अमावस्या, धुकं, वर लाइट नाही," सुजय म्हणाला. "आता एखादी भुताची होऊनच जाऊ दे यार."

"भुताची मी सांगत नाही. घडलेली सांगतो. पण मधे खिदळायचं नाही."

"बिल्कुल नाही."

"आजची आंबील कुणी आणली?"

"चंद्रप्रभाताईंनी. सायकलवरून," अपूर्वा म्हणाली.

"त्या सायकलच्या कॅरिअरला हात लावलायस कधी?"

"नाही… का हो?"

"नको लावूस." काकांनी काटकी शेकोटीत सरकवली, आणि सांगायला लागले.

तीन वर्षांमागची वेळा अमावस्या. तेवीस डिसेंबर, शुक्रवार. चंद्रप्रभा औशाकडची. नवरा अंबादास माझ्याच हाताखाली किचनमध्ये होता. पोरगी अक्षता, तेव्हा चार वर्षांची. अंबादासच्या पगारात भागेना म्हणून चंद्रप्रभा डबे करायची आणि सायकलवरून पोचवायची.

सायकल साधीच, लेडीज. तिला अंबादासनं एक लोखंडी कॅरिअर बसवून दिलं होतं. दोन वितींचं असेल. पण त्या दोन वितींवर बाईचा सगळा संसार चालायचा. कॅरिअरवर तारेनं एक फळी आवळलेली, म्हणजे रुंद पातेलं डगमगत नाही. दोन्ही बाजूंना सळई वाकवून केलेले आकडे, त्यात पिशव्या. जड ते खाली आणि सीटला चिकटून, हलकं ते वर. दोन्हीकडं वजन सारखं, नाहीतर हँडल ओढतं. आणि शेवटी जुन्या ट्यूबची लांब पट्टी, फुलीसारखी फिरवून आवळायची. अंबादास म्हणायचा, "सुतळी वाटेत ढिली पडते गं. ट्यूब पडत नाही. ट्यूब सामानाला आईसारखी धरते."

पोरीलाही ती तशीच न्यायची. फळीवर गोधडीची घडी. पोरीचे पाय पिठाच्या रिकाम्या पोत्यात, म्हणजे चाकाच्या तारांत जात नाहीत. आणि कमरेवरून ट्यूब घेऊन सीटच्या दांडीला गाठ. अक्षता मागं बसून गाणी म्हणायची, हिंदीतली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वेळा अमावस्येला डोक्यावर आंबिलीनं भरलेला बिंदगा घेऊन शेतात जायचं. आधी शेताच्या कडेनं आंबील शिंपायची. जमिनीच्या धन्याला हाक मारायची, पहिलं पान त्याचं. मग माणसांनी जेवायचं. चंद्रप्रभाच्या सासरी हे कधी चुकलं नव्हतं.

पण इथं शेत कुठलं? तिनं गावाच्या कडेचा एक मोकळा प्लॉट हेरून ठेवला होता. तुटकी भिंत, आत बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. माती होती, तेवढंच. म्हणाली, जाताना तिथं शिंपू आणि मग डबे वाटू.

निघायला झाला उशीर. डबे लावलेल्या पोरांचे फोनवर फोन. "ताई, भूक लागली, आंबील कुठंय?" तिनं विचार केला, आधी डबे देऊ, येताना शिंपू. देत गेली. कुणी अजून एक पेला मागितला, कुणी मित्रासाठी बाटली भरून घेतली. घराकडं वळली तेव्हा दिवस मावळला होता, आणि बिंदगा रिकामा.

प्लॉटपाशी आली आणि मनात चर्रर्र झालं. लेकराबाळांचं घर आपलं. चुकवायचं कसं? तिनं प्यायच्या बाटलीतलं पाणी बिंदग्यात ओतलं, खळखळ विसळलं. पांढुरकं पाणी झालं. तेच भिंतीच्या कडेनं शिंपलं आणि गावी म्हणायचे तसं म्हणाली, "मालक, या. जेवायला बसा."

"विसळलेलं पाणी?" अपूर्वानं विचारलं.

"हां. बोलावलं जेवायला, आणि दिलं खरकटं पाणी. तेही सगळ्यांचं झाल्यावर."

ती सायकलवर बसली. कॅरिअर रिकामं, बिंदगा रिकामा. पण पायडल जड. पंक्चर वाटलं म्हणून उतरून टायर दाबून पाहिलं. दगडासारखं टणक. दिवसभर दमलो, असं म्हणून ती घरी आली.

अक्षता शेजारणीकडं होती. शेजारीण म्हणाली, "जरा गरम लग रही है." रात्र झाली तसा ताप चढत गेला. गोळी दिली, उलटली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्या हातात गरम व्हायच्या. आणि मध्यरात्रीनंतर पोरीनं डोळे पांढरे केले. हातपाय ताठ. दातखीळ बसली.

अंबादास तिकडं ड्युटीवर, फोन बंद. घराच्या मालकीणबाईंकडची सगळी माणसं लग्नाला पानिपतला गेलेली, गाडीसकट. अँब्युलन्सला फोन लावला तर म्हणाले, "कोहरा बहुत है, टाइम लगेगा." किती ते सांगेनात. ती अनवाणी कोपऱ्यापर्यंत पळत गेली. रिक्षा नाही, माणूस नाही. पांढरा अंधार नुसता.

परत आली तर पोरीचं आखडणं थांबलेलं, पण मान लुळी. छाती भात्यासारखी चाललेली.

मग तिनं सायकल काढली.

गोधडीची घडी. पाय पोत्यात. पोरीचं डोकं स्वतःच्या पाठीला टेकेल असं तिला सीटला चिकटवून बसवलं. वरून शाल. ट्यूब कमरेवरून दोनदा, काखेखालून फुली, सीटच्या दांडीला गाठ. गाठ तपासून पाहिली. ओढून पाहिली. जीव मुठीत धरून निघाली.

सरकारी दवाखान्याचा रस्ता त्या प्लॉटवरून जातो. दुसरा नाही.

दिवे होते, पण प्रत्येक दिवा म्हणजे एक पिवळा डाग. ती मोठ्यानं बोलत होती, पोरीनं झोपू नये म्हणून. "अक्षू, गाणं म्हण. अक्षू, ऐकतेस ना?" पोरगी मधूनच "हं" करायची. त्या "हं"वर ती पायडल मारायची.

प्लॉटची भिंत आली… गेली.

आणि सायकल जड झाली.

मघासारखीच. पण आता जास्त. मागचा टायर दबला, तो आवाज तिनं ऐकला. फळी करकरली. कुणी चालत्या सायकलवर मागनं बसतं ना… तशी.

"अक्षू?"

"…हं."

तिनं वळून पाहिलं नाही. पाहणार कशी? समोर रस्ता दिसत नव्हता. ती उभी राहून पायडल मारायला लागली. तेवढ्यात स्पीडब्रेकर. दिसलाच नाही. सायकल उडाली, आदळली, आणि मागं फट्कन आवाज झाला. ट्यूब तुटली. तुटकं टोक तिच्या पोटरीवर चाबकासारखं बसलं.

पोरगी पडली.

असंच वाटलं तिला. ब्रेकवर बोटं गेली…

"मम्मी, रुकू नको."

आवाज जाग्यावरून. तिच्या पाठीमागूनच.

"अक्षू! घट्ट धर मला!"

"बाबांनी पकडलंय."

"कोण? पप्पा?"

"पप्पा नाही… मिट्टीवाले बाबा."

तिनं एक हात मागं नेला. पोरीचा खांदा लागला, तापलेला. शाल लागली. आणि शालीच्या वर… एक हात. गार. माती लागलेला. पोरीच्या कमरेला विळखा घातलेला.

तिनं हात ओढून घेतला.

ओरडली नाही. ओरडून कोण येणार होतं? तिच्या डोक्यात एकच होतं. धरून बसलाय… की घेऊन चाललाय?

"मम्मी, बाबांना भूख लागलीय."

पायडल फिरेना. दवाखान्याचा लाल दिवा समोर धुक्यात दिसत होता. एवढासा. तिनं सगळं अंग पायडलवर टाकलं. सायकल थांबली. उतरली, ढकलू लागली. ढकलेना. चाकं मोकळी, ब्रेक मोकळे, आणि सायकल जमिनीत रोवल्यासारखी.

पोरगीही गप्प झाली.

"अक्षू… अक्षू, हं म्हण."

काही नाही.

तेव्हा ती हँडल धरूनच खाली बसली. मागं न बघता बोलायला लागली. मराठीतच. दुसरं काही सुचलंच नाही.

"मालक… चुकले मी. सगळ्यांना वाढलं, तुमचं राहिलं. बोलावून उपाशी ठेवलं. मला न्या. मला काहीही करा. लेकरू नका नेऊ. उद्या सकाळी पान वाढते. दर वर्षी वाढते. आधी तुमचं, मग दुसऱ्याचं. माझ्या लेकरावर हात ठेवून सांगते. पण आता सोडा हो… सोडा…"

धुकं. कुठं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही.

मग फळी करकरली. सायकल एकदा हलली, कुणी उतरताना हलते तशी.

आणि हँडल हलकं झालं.

ती पळाली. सायकल हातात धरून, पोरीला एका हातानं दाबून, पळत गेटपर्यंत. "भैया! बच्ची! मेरी बच्ची!" गार्ड धावत आला. पोरीला उचलायला वाकला आणि थबकला.

"बहनजी, ये किस चीज़ से बाँध रखा है?"

गार्डनं टॉर्च मारला. तुटकी ट्यूब खाली लोंबत होती. पोरगी मात्र पक्की बांधलेली होती. कडब्याची पेंढी बांधायला आपण ज्वारीच्या ताटांचा पीळ देऊन आळा करतो ना, तसला आळा. ओल्या, हिरव्या सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, काड्यांचा. वर दव. मधे मधे पिवळी फुलं. पोरीच्या कमरेभोवती फिरवून, पीळ देऊन, टोक आत खोचलेलं. शेतकरीच खोचू जाणे.

काकांनी शेकोटीकडं हात धरले. शेकोटीतलं एक लाकूड खचलं.

"पोरगी?" अपूर्वाचा आवाज बारीक झाला होता.

"वाचली. सुई दिली, सलाईन लावलं. सकाळी डोळे उघडून बिस्किट मागितलं. ही काय, आज इथंच तुम्हाला उंडे वाढत होती की. सात वर्षांची झाली."

"पण सरसों तर कुठंही मिळते, काका," सुजय म्हणाला. हसला नाही.

"इथं? सेक्टरांत? त्या रस्त्यावर गवताची काडी शोधून आण तू, सरसों सोड." काका म्हणाले. "मालकीणबाई पानिपतहून आल्या, तेव्हा चंद्रप्रभानं विचारलं. त्या म्हणाल्या, वो तो हमारे ताऊ का खेत था. सरसों बोते थे. ज़मीन सेक्टर में गई, तो ताऊ ने रोटी छोड़ दी. उसी दीवार से लगे बैठे रहते थे. कोई खिलाए, तो मुँह फेर लेते थे. वैसे ही गए."

अपूर्वा शेकोटीच्या आणखी जवळ सरकली.

"चंद्रप्रभानं शब्द पाळला. दवाखान्यातून आली ती चुलीपुढं बसली. आंबील केली, पान वाढलं, प्लॉटमध्ये ठेवलं. तो आळाही पानाशेजारी ठेवून आली. दुसऱ्या दिवशी पान रिकामं. कुत्र्यांनी खाल्लं असेल म्हणा. पण आळा… आळा तिच्या कॅरिअरवर होता. रिकाम्या फळीवर, पीळ देऊन बांधलेला. मधे पोरीच्या कमरेएवढा घेर."

"मग?"

"मग काय. दर वर्षी वेळा अमावस्येच्या सकाळी एक ताजा आळा असतो. दवानं भिजलेला. आणि घेर… अक्षता वाढते तसा वाढतो. चंद्रप्रभा तो काढून पोरीच्या कमरेला लावून बघते. बरोब्बर बसतो. म्हणून तर आज तुम्हाला जेवण उशिरा मिळालं. आधी तिकडचं पान, मग तुम्ही."

"म्हणजे ते राखतात तिला," अपूर्वा म्हणाली. "चांगलंच आहे की… आहे ना?"

काका उठून कठड्यापाशी गेले. धुक्यामुळं चंद्रप्रभा खाली अंगणात भिंतीला टेकवून गेलेली सायकल जेमतेम दिसत होती.

"आज सकाळी तिनं दारातून मला हाक मारली," ते हळू म्हणाले. "काका, जरा बाहेर या, म्हणाली. मी गेलो. कॅरिअरवर आळा होता. अक्षताच्या मापाचा."

"हं…"

"त्याच्या शेजारी दुसरा होता."

सुजय उठून उभा राहिला.

"एवढासा." काकांनी दोन तळहात ओंजळीसारखे जवळ आणले. "मी विचारलं, अगं, हा कुणाचा? माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसता पोटावरून पदर ओढून घेतला…"

खाली अंगणात, रिकाम्या सायकलची फळी करकरली.