न फुटलेला चुना

नामगुंग घराण्याच्या मूळपुरुषाची कबर कोणीतरी उघडली होती, आणि आतून काहीच नेलं नव्हतं.

इन्स्पेक्टर प्यो सुकजा खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती आणि तिचं डोकं उठलं होतं. चोरी झाली असती तर परवडलं असतं. चोराला निदान कारण तरी असतं.

"उठा तिथून," मागून आवाज आला. "बाईमाणसाची सावली आत पडायला नको."

हे नामगुंग सेहान. घराण्याचे कर्ते. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी, चेहऱ्यावर कायमची आठी. पोलिसांना त्यांनी बोलावलंच नव्हतं. फोन केला होता त्यांच्या थोरल्या सुनेने, ईनसुकने, आणि तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"सावली माझी आहे, आजोबा," प्यो जागची न हलता म्हणाली. "गुन्हा कोणाचा आहे ते बघू."

मातीचा गोल उंचवटा मागच्या अंगाने कापला होता. त्यावरच्या हिरवळीचे सारखे चौकोन काढून, गवताला गवत लावून, एका बाजूला नीट रचून ठेवले होते. खाली पांढरा चुन्याचा थर दिसत होता. जुने लोक शवपेटीवर ओतत तो, काळाने दगड झालेला. त्यावर कुदळीचा एक ओरखडा नव्हता. म्हणजे मूळपुरुषापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. मात्र चुन्याच्या जरा वर, बाजूच्या मातीत, एक गुळगुळीत गोल पोकळी होती. आत एखादी बरणी सहज बसली असती.

"हे सापडलं खड्ड्यात," हवालदार मेंगने रेशमी फडक्यात गुंडाळलेली वस्तू पुढे केली. फडक्याला वर व्यवस्थित गाठ मारलेली होती. आत लाकडी होकायंत्र. "बांग गुरुजींचं. कबरीसाठी जागा पाहणारे ते. परवा सेहानआजोबांनी मुलाच्या आजारामुळे त्यांना बोलावलं होतं. गाडी डोंगराच्या पायथ्याशी तशीच उभी आहे, आणि माणूस गायब."

"गावात काय म्हणतात?"

"म्हणतात, त्या गुरुजीची अक्कल गेली आणि कबर खोदून बसला. मग एक तर भुताने नेला, नाहीतर लाजेने पळाला." मेंगने इकडेतिकडे पाहून घेतलं. "बाई, मी आपलं सांगतो. खड्ड्यात फार वाकू नका. माती चिडली की घर बसतं. सेहानआजोबांचा थोरला मुलगा पडलाय ना इस्पितळात."

"पडलाय तो गवतातल्या किड्याने. मी डॉक्टरशी बोलले."

"किडा पाठवला कोणी?" मेंग म्हणाला. प्यो उठून उभी राहिली. पगार सरकारचा असला तरी मेंगचं पोट भूतखेतावरच भरायचं.

ईनसुक पाइनच्या झाडाआड वाट पाहत होती. डोळे सुजलेले, हातात फोन घट्ट धरलेला.

"यांनी पितरांच्या सणाआधी रीत म्हणून इथलं गवत कापलं, तेव्हा हाफ पँट घालून गवतात लोळले," ती म्हणाली. "मग ताप. डॉक्टर म्हणतात आता उतरतोय, पण सलाईन काढली तर मूत्रपिंडं जातील. आणि मामंजी त्यांना इथे आणायला निघालेत. चुलतभाऊ गाडी घेऊन इस्पितळात पोचलेसुद्धा असतील."

"इथे? कशाला?"

"माफी मागायला. कबर बुजवायच्या आधी ज्याने उघडली त्याने मूळपुरुषाची माफी मागायची. तो सापडला नाही तर घराण्याच्या थोरल्या मुलाने मागायची. गुडघ्यावर, उघड्या जमिनीवर. गावची देवऋषीणही तेच म्हणाली."

"तू नाही म्हण. तू बायको आहेस."

"मी नाही म्हटलं. चुलतसासऱ्यांनी माझ्या हातातला भाताचा वाडगा काढून घेतला." ती रडत नव्हती. ती चिडली होती. "कोणी उघडली ते तुम्ही शोधा. दुपारच्या आत. मग मामंजींना त्यांच्याच नियमाने थांबावं लागेल."

प्योला माणसांना धीर देणं जमत नसे. तिने नुसती मान हलवली आणि उतार उतरायला लागली.

डोंगराच्या पायथ्याला मानसोपचं घर होतं. सेहानचा सावत्र भाऊ, साठी उलटलेला. घराण्याच्या सगळ्या कबरींची राखण, गवत, डागडुजी तोच करी. अंगणात त्याने तिला बार्लीचा चहा दिला. अंगणाच्या कडेला ओट्यावर सोयाच्या, मिरचीच्या वाटणाच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. शेवटच्या बरणीपुढे स्वच्छ पाण्याचा वाडगा होता, आणि तिच्या बुडाला तांबडी माती चिकटलेली.

"बांग गुरुजींना ओळखत होता?"

"ओळखत? वीस वर्षं त्यांची पिशवी उचलून डोंगर तुडवले. जमिनीची नाडी कशी बघायची ते त्यांनीच शिकवलं."

"ते कबर खोदतील?"

मानसोपने चहाच्या कपात पाहिलं. "म्हातारपणी माणसाचं काय सांगावं."

"परवा ते तुम्हाला भेटले?"

"नाही. थेट वर गेले असतील."

"खोदणाऱ्याने हिरवळ फार नीट रचली आहे. शिवाय खोदायच्या आधी पाइनखाली डोंगराच्या देवाला दारू आणि सुका मासा ठेवलाय. मी पाहिला."

"म्हणजे तेच. दुसऱ्या कोणाला एवढी रीत कुठली?"

"तुम्हाला आहे की."

तो हसला. "मला रीत आहे म्हणून तर मी असलं करणार नाही, फौजदारीणबाई."

उत्तर चोख होतं. प्योला चोख उत्तरं आवडत नसत.

"तुमच्या आईची कबर कुठली वरची?"

मानसोपने चहाचा कप खाली ठेवला. "तिला वर जागा नाही. ती वडिलांची दुसरी होती, लग्नाची नव्हे. पलीकडच्या ओढ्याकाठी पुरली होती. पुरात गेली ती जागा."

"दादांकडे वरची जागा मागितली नाहीत?"

"मागितली होती. ते म्हणाले, रखेलीला डोंगर नसतो." हे त्याने इतक्या सवयीने सांगितलं की प्योला त्याच्यापेक्षा जास्त राग आला.

दुपारी सगळे वर जमले. गाडी अजून आली नव्हती. सेहानने ठरवलं होतं, आधी सगळ्या पूर्वजांपुढे दारू ओतायची, मग मुलगा आला की मोठी माफी. मूळपुरुषापासून सुरुवात करून ते एकेका कबरीपुढून खाली येत होते. मेलेल्यांसाठी दोनदा वाकतात तसे सेहान दोनदा वाकत, कपाळ गवताला टेकवत, आणि उठताना कोणाचा हात घेत नसत. त्यांच्यामागून मानसोप तसाच वाकत येत होता.

"खालच्या कबरींवरची हिरवळ नवी दिसते," प्यो मेंगला हळूच म्हणाली.

"डुकरं. यंदा रानडुकरांनी फार उकरलंय. मानसोपकाकांनी परवाच ठिगळं लावली. वसंतात लावायची असतात खरं तर. पण सण तोंडावर, उघडं कसं ठेवणार?"

सर्वांत खालची कबर छोटी होती. सेहानचा धाकटा मुलगा यंगजू, मोटरसायकलवर गेलेला. सेहान तिच्यापुढे आले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"त्याला दारू नाही देत, मामंजी?" ईनसुकने विचारलं. सेहानना तिला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून ते प्योला म्हणाले, "माझ्या आधी गेला नालायक. बापाने पोरापुढे वाकायचं नसतं. थोरल्याने धाकट्यापुढे वाकायचं नसतं. एवढं तरी पोलिसांना ठाऊक असावं."

त्यांच्या मागोमाग मानसोप आला. त्याने दारू ओतली, गुडघे टेकले आणि वाकला. उठला, आणि पुन्हा वाकला. दुसऱ्या वेळी त्याचं कपाळ बराच वेळ जमिनीवरून उचललं गेलं नाही.

प्योने काही पाहिलं नाही असं दाखवलं. मग ती खाली रस्त्याकडे बघायला लागली. वळणावर पांढरी गाडी दिसत होती.

"आजोबा," ती मोठ्याने म्हणाली, "कबर कोणी उघडली ते मी सांगते. मुलाला गाडीतून उतरवू नका."

"सांगा. बांगने."

"बांग गुरुजींनी नाही. होकायंत्र खड्ड्यात सापडलं ते फडक्यात गाठ मारून बांधलेलं. काम करणारा माणूस ते हातात उघडं धरतो. हे कोणीतरी नंतर नेऊन ठेवलंय, गुरुजींवर आळ यावा म्हणून."

"मग चोर."

"चोराने चुना फोडला असता. खोदणारा चुन्याच्या वरच थांबला. त्याला तुमचा मूळपुरुष नकोच होता. त्याला हवी होती ती वस्तू चुन्याच्या वर, बाजूच्या मातीत होती. एक बरणी. ती घराण्याची नव्हती, म्हणून तुमच्याकडून काही गेलं असं तुम्हाला वाटलंच नाही."

सेहानची काठी हलली. "आमच्या मूळपुरुषाच्या कबरीत कोणाची बरणी?"

"हाडांची. जागा चांगली असली की लोक दुसऱ्याच्या कबरीत आपलं माणूस गुपचूप पुरतात. पूर्वी यावरून खून पडत, हे तुम्ही मला शिकवायची गरज नाही. इथेही पडला." ती वळली. "मानसोपकाका, तुमच्या ओट्यावरच्या शेवटच्या बरणीत सोया नाही. बुडाला इथली माती आहे आणि पुढे पाणी ठेवलंय. ओढ्याच्या पुरात काही गेलं नाही. तुम्ही आईला त्याच्या आधीच वर आणलं होतं."

मानसोपने खाली आपल्या घराकडे पाहिलं.

"परवा गुरुजींनी जमिनीत गज घातला आणि तो खापराला लागला. ते आधी तुमच्याकडे आले. शिष्य म्हणून. बरोबर?"

"म्हणाले, तू सांग, नाहीतर मी सांगतो," मानसोप म्हणाला. "मी पाया पडलो त्यांच्या. म्हणाले, दुसऱ्याच्या घरात चोरून राहिलेल्याला सुख लागत नाही, मेल्यावरही नाही. ते वर निघाले. माझ्या हातात कुदळ होती."

चुलतभावांपैकी कोणीतरी शिवी हासडली. मेंग दोन पावलं मागे सरकला.

"गुरुजी नुसते बेपत्ता झाले असते तर आपण सगळा डोंगर शोधला असता," प्यो म्हणाली. "म्हणून तुम्ही आईला काढून घेतलं आणि कबर उघडीच ठेवली. खोदून पळाले, असं म्हणायला गाव मोकळं. सगळे वरच्या खड्ड्यात बघत राहिले, खाली कोणी पाहिलं नाही."

"खाली कुठे?" सेहानने विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं. त्यांनी धाकट्या मुलाच्या कबरीकडे पाहिलं.

"काका पुतण्यापुढे वाकत नाही," प्यो म्हणाली. "आत्ताच तुम्ही मला शिकवलंत. हे वाकले, दोनदा. तुमच्या मुलासाठी नाही. डुकरांनी उकरलेल्या जागेवर अशी अवेळी नवी हिरवळ लावायची एवढी घाई कोणाला असते? पण हिरवळीवरून मी कबर उघडायला सांगितली नसती. वाकण्यावरून सांगते."

"न वाकता कसा गेलो असतो?" मानसोप म्हणाला. "त्यांनी मला डोंगर शिकवला. सगळे बघत होते, माहीत होतं मला. पण गुरूच्या अंगावरून तसंच चालत जायचं?"

तो स्वतःहून हात पुढे करून उभा राहिला. मेंगने बेड्या लावल्या.

ईनसुक तोवर उतारावर पोचली होती. गाडीचं दार धरून ती चुलतभावावर ओरडत होती, "परत न्या. आत्ता. ज्याने उघडली तो सापडलाय. नियम तुमचाच आहे." चुलतभावाने वर पाहिलं. सेहानने काठी उचलून गाडी वळवायची खूण केली. गाडी वळली.

छोटी कबर उघडली तेव्हा बांग गुरुजी आतच होते. अंगावर पांढरं कापड होतं, व्यवस्थित पसरलेलं.

"बघितलंत ना," सेहान प्योला म्हणाले. "परकी हाडं मूळपुरुषाच्या कबरीत होती. म्हणून माझा मुलगा आजारी पडला."

"तुमचा मुलगा किड्याने आजारी पडला. आणि मानसोपच्या आईला तुम्ही पलीकडे हात-दीड हात जागा दिली असती तर हा माणूस आज जिवंत असता."

सेहान छोट्या कबरीपासून दूर झाले.

पुरावा म्हणून ती बरणी मेंगने मानसोपच्या ओट्यावरून वर आणली. तो ती धरायलाही घाबरत होता, म्हणून त्याने ती पाइनखाली ठेवली. गाडीकडे जाता जाता मानसोप तिच्यासमोर थांबला.

"दादा," तो म्हणाला. "थोरल्याने धाकट्यापुढे वाकायचं नसतं, हे बरोबर. पण ही तुमच्याहून मोठी होती. वडिलांच्या ताटात हिनेच भात वाढला. तुमचेही लंगोट धुतले. दोनदा नको. एकदा तरी वाका."

सेहान बरणीकडे बघत राहिले, आणि मग धाकट्या मुलाच्या कबरीपुढे उभे राहिले होते तसेच पाठ फिरवून उभे राहिले. मानसोपने मान खाली घातली आणि मेंगबरोबर उतरायला लागला.

ईनसुक वर आली तेव्हा तिच्या पायाला चिखल होता. तिने बरणी पाहिली, सासऱ्यांची पाठ पाहिली. मग तिने रुमालाने हात पुसले, बरणीपुढे गुडघे टेकले आणि दोनदा वाकली.

"सूनबाई," सेहान वळून ओरडले. तिने पोलिसांना फोन केल्यापासून ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"या घरची थोरली सून मीच ना, मामंजी?" ती उठत म्हणाली. "मग इथे कोणाला जागा द्यायची ते मी ठरवेन. इन्स्पेक्टरबाई, तुमचं काम झालं की ही बरणी माझ्याकडे द्या."