चाळिसावं नाव

आमच्या वाचनालयात एक उलटा नियम आहे. अंक वाचून झाला की जागेवर ठेवायचा नाही, टेबलावरच सोडायचा. नव्या विद्यार्थ्यांना हे फार आवडतं. घरी असं कोण सांगतं? कारण साधं आहे. टेबलावर राहिलेला प्रत्येक अंक मावशी उचलत, आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक बारीक खूण करत आणि मग फळीवर लावत. वर्षाखेरीला मी खुणा मोजते. कोणतं नियतकालिक वाचलं जातं आणि कोणतं नुसतं धूळ खातं, ते लगेच कळतं. अठ्ठावीस वर्षं हा विभाग मी सांभाळते आहे. माझा माणसांपेक्षा खुणांवर विश्वास, आणि कागद दिसला की खाली सही करायची माझी खोड. "मॅडम किराण्याच्या यादीखालीसुद्धा सही करतात," असं मावशी सगळ्यांना सांगत.

यंदा संचालकांनी बोलावून घेतलं. अनुदान निम्म्यावर आलं होतं.

"चाळीस नियतकालिकं बंद करा, नाहीतर तुमची मदतनीस कमी करावी लागेल. थंड डोक्याने ठरवा."

माझं डोकं कधी थंड नसतं, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. पण मावशींना घालवायचं? निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. मी म्हटलं, चाळीस तर चाळीस.

एकोणचाळीस नावं दोन दिवसांत निघाली. चाळिसाव्याला घोडं अडलं. शेवाळावरचं एक त्रैमासिक होतं. शेवाळ शिकवणारे शेवटचे प्राध्यापक वारले त्याला बारा वर्षं झाली, तरी चिठ्ठीवर रोज एक खूण. मी दिवसभर समोरच बसते. त्या अंकाला हात लावलेला एकही माणूस मला आठवेना.

मी भडकलेच. "मावशी, खोट्या खुणा करता होय?"

"खोट्या कशाला करू? सकाळी मी अंक खिडकीपाशी उघडून ठेवते. संध्याकाळी पान उलटलेलं असतं. वाचलं की खूण करायची, तुम्हीच शिकवलंत."

"पण ठेवता कशाला?"

"माझ्या आधी जे होते ना, ते सांगून गेले. तिथे वाचायला कायम काहीतरी असू दे. नसलं, की मान वर होते."

"कोणाची?"

मावशी फडक्याने टेबल पुसत राहिल्या. "माझी नोकरी गेली तरी चालेल, मॅडम. पण तेवढं एक बंद करू नका."

"काहीतरीच तुमचं!" मी म्हटलं आणि त्यांच्यादेखत चाळिसावं नाव लिहिलं. खाली सही केली.

दुपारी सहज म्हणून शेवाळाचे जुने अंक काढले. पानं कोरी होती. चालू अंकात सुरुवातीची पानं कोरी, मधलं एक फिकट, पुढची ठसठशीत. खिडकी उत्तरेची, तिथे ऊन कधी येत नाही. शाई हलकी असेल, हल्ली कशालाच दर्जा राहिलेला नाही, असं मी स्वतःशी पुटपुटले आणि अंक होते तिथे ठेवून दिले.

शेवटचा अंक आला. नेहमीपेक्षा बारीक, छप्पन्नच पानं. सत्तावन्नाव्या दिवशी मावशींनी खिडकीपाशी दुसरं नियतकालिक ठेवलं. संध्याकाळी ते होतं तसंच होतं. तिसरं ठेवलं, चौथं ठेवलं. एकाचंही पान हललं नाही.

मग एका सकाळी खिडकीपाशची खुर्ची जराशी वळलेली दिसली. मी सरळ केली. दुसऱ्या दिवशी आणखी वळलेली. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड थेट माझ्या टेबलाकडे होतं, आणि मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

मावशींनी आपलं स्टूल आणलं आणि ती खुर्ची नि मी, यांच्या मधोमध ठेवलं.

"तुम्ही कामं करा. मी बसते इथे."

आठवड्याभरात मावशी फळ्यांचा क्रम विसरल्या. मग कात्री कुठे असते ते. मग एका संध्याकाळी सुटायची वेळ झाली तरी उठेनात.

"मावशी, घरी वाट बघत असतील की."

"घरी कोण आहे?"

"थट्टा करता का?" मी रागावले. त्या हसल्या नाहीत.

मी त्यांना हाताला धरून घरी पोचवलं. त्यांच्या नवऱ्याने अंथरुणातून नावाने हाक मारली. मावशींनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

मी त्यांची नोकरी वाचवली आणि बाई घालवली. रस्त्यात उभी राहून मी रडले.

त्यांना मी परत येऊ दिलं नाही. संचालकांपुढे हात जोडून शेवाळाचं त्रैमासिक पुन्हा सुरू करवलं. नवा अंक खिडकीपाशी ठेवला. तो मिटलेलाच राहिला. माणसाची चव लागल्यावर शेवाळ कोण वाचतो?

म्हणून मी हे लिहिते आहे. रोज एक पान, खरं खरं, माणसांचं. सकाळी खिडकीपाशी ठेवते.

चालतं आहे. खुर्ची पुन्हा खिडकीपाशच्या टेबलाकडे वळली आहे. मान खाली आहे.

मावशींचं नाव मी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. काल त्यांना भेटायला निघाले, म्हणून पान काढून पाहिलं. पान कोरं होतं.

मला ते नाव आठवत नाही. म्हणून इथे नुसतं मावशी म्हणते आहे.

पहिल्या पानाखालची सहीसुद्धा गेली आहे. दुसऱ्याखालचीही.

आजचं पान इथे संपलं. आता फक्त खाली सही करायची. बराच वेळ झाला, पेन हातात धरून बसले आहे.